मोहाची दारू ‘विदेशी’ कशी झाली?

लासूर स्टेशनवरून बोलतेय. मध्येच हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, मनमाडकडं जाणारी गाडी आहे, तिला कोण थांबवणार.

आजचा विषय दारू. लगेच हसू नका, आणि घरचे जवळ असतील तर इअरफोन लावा. कोणती प्यावी, कशी प्यावी, हे मी सांगणार नाही. मला बोलायचंय ते नावाबद्दल. एखाद्या पेयाला त्याच्या गावाचं नाव मिळतं, मान मिळतो. दुसऱ्या पेयाला मिळते फक्त पोलीस केस. असं का?

जरा लांबून सुरुवात करू. क्रोएशिया माहितीये ना? २०१८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये हरलेला, लाल-पांढऱ्या चौकटींच्या शर्टाचा देश. २०२१ च्या त्यांच्या जनगणनेत अख्ख्या देशाची लोकसंख्या ३९ लाखांच्या आत भरली. आपल्या एकट्या जिल्ह्याची २०११ लाच ३७ लाख होती. म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याएवढी माणसं, आणि तेवढ्यात प्रत्येक भागाची वाइन वेगळी. इस्त्रियात मालवाझिया आणि तेरान, दक्षिणेला दाल्मातियाच्या किनाऱ्यावर प्लावाट्स माली. शिवाय घरोघरी राकिया, म्हणजे फळांपासून काढलेली कडक दारू. द्राक्षाची वेगळी, आलुबुखाराची वेगळी, औषधी पाला घालून केलेली आणखी वेगळी. उन्हाळ्यात लोक वाइनमध्ये सरळ पाणी ओततात. तांबड्या वाइनमध्ये साधं पाणी घातलं की ती बेवांदा, पांढरीत सोडा घातला की गेमिश्ट. त्यांनाही नावं आहेत बघा. पाणी घातलेल्या दारूलासुद्धा!

आता गंमत ऐका. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, झिनफांडेल नावाचं काळं द्राक्ष आहे. एकोणिसाव्या शतकापासून तिथले लोक ते आपलंच समजत होते, पण मूळ गाव कुणालाच सांगता येत नव्हतं. माइक गर्गिच नावाचे मूळचे क्रोएशियाचे वाइन बनवणारे कॅलिफोर्नियात होते. ते म्हणायचे, हे तर आमच्या प्लावाट्स मालीसारखं दिसतंय. मग कॅरोल मेरेडिथ या द्राक्षांच्या डीएनएवर काम करणाऱ्या प्राध्यापिका १९९८ मध्ये दाल्मातियात गेल्या. झाग्रेब विद्यापीठाचे इवान पेयिच आणि एदी मालेतिच सोबतीला. तिघांनी मळ्यामळ्यांतून पानं गोळा केली. प्लावाट्स माली म्हणजे झिनफांडेल नव्हे, तर त्याचं लेकरू निघालं. मग बाप कुठाय? तो सापडला २००१ मध्ये, स्प्लिट शहराजवळ काश्टेल नोवी गावात, एका जुन्या मळ्यात. इतर वेलींमध्ये मिसळलेल्या मोजक्या वेली उरल्या होत्या. तिथलं नाव ‘त्सर्ल्येनाक काश्टेलान्स्की’, म्हणजे काश्टेलाचं तांबडं. नाव उच्चारायला मला चार वेळा रेकॉर्ड करावं लागलं.

लासूरमध्ये बसून हे कशाला, असं वाटत असेल. तर लासूरहून गाडीत बसा. रोटेगाव, नगरसूल, मनमाड, लासलगाव, निफाड करत नाशिकला उतरा. तिथं गंगापूर धरणाजवळ (आपला गंगापूर तालुका नव्हे, ते नाशिकचं गंगापूर) सुलाचे मळे आहेत. स्टॅनफर्डला शिकून आलेल्या राजीव सामंत यांनी ते उभे केले, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. त्यांनी जी द्राक्षं इथं रुजवली त्यात झिनफांडेलही होतं. म्हणजे क्रोएशियात ज्या वेली शोधायला डीएनए लागला, तिचीच भावकी अमेरिकेमार्गे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आली होती. आणि आज ती नाशिकची म्हणून अंगावर लेबल लावून फिरते. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, त्याला आपण जीआय टॅग म्हणतो.

नावाची किंमत क्रोएशियाला बरोबर कळते. त्यांच्याकडं प्रोशेक नावाची गोड वाइन आहे. द्राक्षं मनुक्यासारखी सुकवत आणायची आणि मग त्यांचा रस काढायचा. २०१३ मध्ये देश युरोपियन युनियनमध्ये गेला. पुढं त्यांनी या नावाला संरक्षण मागितलं, तर इटलीनं केवढा आरडाओरडा केला. का? तर आमच्या प्रोसेको या नावाशी साम्य आहे. एक गोड, एक फसफसणारी, चवीत काही संबंध नाही. तरी दोन देश भांडले. मला हे भांडण आवडतं. निदान भांडण्यासारखं नाव तरी आहे त्यांच्याकडं.

आता घरी येऊ.

गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टी लावतात. पहिल्यांदा उतरते ती हलकी उर्राक, ती त्या मोसमापुरतीच. पुन्हा काढली की फेणी. काजू मुळात ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. तरी फेणी गोव्याची झाली, २००९ मध्ये तिला जीआय मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. आणि अलीकडं, आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीत? तोच काजू, तीच बोंडं. बी काढून घेतली की कितीतरी बोंडं बागेतच कुजतात. मध्ये फक्त राज्याची सीमा आहे.

आपल्याकडं दुकानावर ‘देशी दारू’ अशी पाटी असते. तिच्यात देश कुठला हो? ती बहुतेक साखर कारखान्याच्या मळीच्या स्पिरिटपासून होते, पाणी आणि वास घालून. संत्र्याचा वास असला म्हणून नागपूरला जाऊन आली असं नाही. आणि ‘वाइन शॉप’च्या पाटीखाली रम-व्हिस्की रांगेनं असते, वाइन कुठंतरी कोपऱ्यात धूळ खात.

खरी ज्या मातीची म्हणावी ती मोहाची. नंदुरबारच्या सातपुड्यात, गडचिरोली-गोंदियात, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते. बायका, पोरं टोपल्या घेऊन वेचतात, वाळवतात. त्याची भाकरीत भर घालतात, लाडू करतात, आणि भिजत घालून, आंबवून दारूही काढतात. देवाला तीच, लग्नात तीच, मयतीलाही तीच. इंग्रजांना तिचा महसूल बुडतोय असं वाटलं. १८९२ मध्ये मुंबई सरकारनं ठाणे-कुलाब्याकडं थेट मोहाच्या फुलांवरच कायदा आणला. दारूवर नाही, फुलांवर! स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तो आजही आहे. त्यामुळं घरात मोहाची काढणं आजही गुन्हा. फुलं गोळा करण्यावरची आणि नेण्यावरची बंधनं उठली, पण केव्हा? २०२१ मध्ये.

आणि मग २०२२. राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की परवाना घेऊन मोहाच्या फुलांपासून, काजूच्या बोंडांपासून जी दारू बनेल, ती आता ‘देशी’ नाही, ‘विदेशी मद्य’ म्हणायची. कागदावर हेतू चांगला आहे. या मालाला वरच्या दर्जात बसवायचं, किंमत मिळू द्यायची. पण ऐकायला कसं वाटतं बघा. कॅलिफोर्नियाहून आलेलं क्रोएशियाचं द्राक्ष नाशिकचं झालं, आणि सातपुड्यातला मोह विदेशी.

कुणी म्हणेल, ताई, हे कौतुक कशाला, दारूनं घरं बुडतात. बुडतात. मी काही आंधळी नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला हातभट्टीच्या नावानं जे विकलं गेलं त्यात मिथेनॉल होतं, शंभराहून जास्त माणसं गेली. त्या वस्तीत ‘गावठी’ या शब्दाचा अर्थ मरण झाला. पण मिथेनॉल मोहाच्या झाडावर येत नाही. ते कारखान्याचं रसायन, कुणीतरी पैशासाठी मिसळलेलं. ज्या मालाला नाव नाही, तपासणी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, त्यात काय मिसळलंय हे पिणाऱ्याला कळणार कसं? काश्टेलाची बाटली बिघडली तर कुणाच्या दारात जायचं हे तिथल्या गिऱ्हाईकाला माहीत असतं.

आपल्याकडं कायद्यानं बायकांच्या हातात एक चांगली गोष्ट आहे. गावातलं दुकान बंद करायचं तर मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. आमच्या गल्लीत उद्या मतदान लागलं तर मी आडवीवरच मारीन, आत्ताच सांगून ठेवते. रोज संध्याकाळी ज्या रिकाम्या बाटल्या नाल्यात दिसतात, त्यांच्याशी कुणाचा वारसा बांधलेला नाही.

पण धडगावची एखादी बाई दिवसभर फुलं वेचते. गरज असते म्हणून मोसमातच, पडेल त्या भावात व्यापाऱ्याला देते, आणि पावसाळ्यात तीच फुलं त्याच्याकडून चढ्या भावानं परत घेते. उद्या कुणाची तरी मोहाची ‘विदेशी’ बाटली शहरातल्या दुकानात झळकेल. तिच्या लेबलावर धडगाव असेल का, आणि परवान्याच्या कागदावर नाव कुणाचं असेल, ते मला बघायचंय.