सांधा आणि गाडीचा आस

मेहरूणच्या तलावाकांठीं सकाळीं फिरावयास येणाऱ्या जळगांवकरांत साठी उलटलेलीं माणसेंही असतात. त्यांतलें एखादें माणूस एके दिवशीं येईनासें होतें. कारण विचारावें, तर उत्तर बहुधा ठरलेलें : "गुडघे झिजले, आतां ते जपून वापरले पाहिजेत."

या समजुतीच्या मुळाशीं बैलगाडीचा आस आहे. गाडी जितकी चालेल तितका तो झिजतो. सांध्याला आसाची उपमा देण्याची रीत मात्र फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत देहाचे २१० संधि मोजून त्यांचे आठ प्रकार केले आहेत. गुडघा व कोपर हे 'कोर' संधि. कांख व जांघ येथील 'उलूखल', म्हणजे उखळासारखे. वंगण घातलेल्या आसावर चाक जसें सुखानें फिरतें, तसे श्लेष्म्याच्या योगानें सांधे चालतात, असेंही तेथें सांगितलें आहे.

ही उपमा वंगणापुरती खरी आहे. हाडांच्या टोंकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि भोंवतालच्या पिशवीच्या अस्तरांतून चिकट रस पाझरतो. निरोगी गुडघ्यांत तो चमचाभरही नसतो, तरी तेवढ्यावर सारें घर्षण निभावतें.

परंतु आस निर्जीव आहे आणि कूर्चा सजीव. तिच्यांत रक्तवाहिन्या नाहींत. पाऊल टेकलें कीं ती स्पंजासारखी दबते व तिच्यांतील पाणी बाहेर पडतें. पाऊल उचललें कीं ती रस पुन्हां शोषून घेते. तिचें पोषण मुख्यतः या रसांतूनच होतें. म्हणजे हालचाल हेंच कूर्चेचें जेवण होय.

जो बसून राहतो, त्याची कूर्चा उपाशी राहते आणि मांडीचे स्नायु रोडावतात. सपाट वाटेवर चालतांनाही गुडघ्यावर देहाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. तो सांवरणारे स्नायुच दुबळे झाले, तर दुखणें वाढतें.

झिजलेली कूर्चा चालल्यानें नव्यानें उगवत नाहीं, हेंही श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. वेदना व ताठरपणा मात्र पुष्कळांचा कमी होतो. सांधा सुजून लाल व गरम झाला असेल, ताप असेल किंवा मार लागला असेल, तर आधीं डॉक्टरांस दाखवावें. एरवीं तलावाकडे येणें सोडलेल्या माणसानें पहिल्या दिवशीं थोडेंच चालावें, सोसेल तसें अंतर वाढवावें. पण वाट सोडूं नये.