प्रकाशाची मात्रा



त्वचारोगचिकित्सकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. आभारात अधिक वेळ न दवडता, ज्या व्याधीने देहाला वेदना होत नाहीत, परंतु जिच्यामुळे ठरलेली लग्ने मोडतात आणि धडधाकट माणसे चारचौघांत जाणे टाळू लागतात, त्या कोडाविषयी, आणि वनस्पतिजन्य द्रव्य डागावर लावून त्यावर प्रकाश घेण्याच्या उपचाराविषयी, मी आज बोलणार आहे.

या उपचाराची परंपरा मोठी आहे. अथर्ववेदात किलासाच्या, म्हणजे कोडाच्या, निवारणासाठी कृष्णवर्ण वनस्पतीची प्रार्थना आहे, चरकाने श्वित्राच्या, म्हणजे याच व्याधीच्या, चिकित्सेत रुग्णाला उन्हात बसण्यास सांगितले आहे, आणि बावचीचे बी आपल्या वैद्यांच्या संग्रही पिढ्यानपिढ्या राहिले आहे. तिकडे नाईलच्या खोऱ्यात अम्मी मेजस या रोपाची फळे याच कामी येत. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार याने त्यांची नोंद केली, १९४७ साली इजिप्तमधील संशोधकांनी त्यांतून आठ-मेथॉक्सिसोरॅलेन वेगळे केले, आणि कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ते कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिले. बावचीतील सक्रिय द्रव्यही सोरॅलेनच असल्याने, परस्परांपासून दूर असलेल्या दोन देशांचा लोकानुभव एकाच रासायनिक कुळाशी येऊन ठेपला, असे म्हणता येते.

सोरॅलेन अंधारात जवळजवळ निष्क्रिय असते. परंतु ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्यावर पडताच ते पेशीतील डीएनएच्या साखळ्यांशी दृढ बांधले जाते, आणि त्यातून उद्भवणाऱ्या प्रक्रियेत केसांच्या मुळांशी शिल्लक असलेल्या रंगपेशी जाग्या होऊन त्वचेवर पसरू लागतात. म्हणूनच भिंगाखाली डाग पाहिला असता प्रथम एकेका केसाभोवती बारीक तपकिरी ठिपका दिसतो, मग ठिपके वाढत वाढत एकमेकांना मिळतात. जेथे केसच नाहीत अशा ओठांवर व बोटांच्या टोकांवर, किंवा जेथील केसही पांढरे झाले आहेत अशा डागांवर, यश का दुर्मीळ असते याचा उलगडाही येथेच होतो. चेहरा व मान मात्र पुष्कळदा चांगला प्रतिसाद देतात.

आता माझ्या प्रतिपाद्याकडे येतो. वनस्पतीपासून निघालेले औषध निरुपद्रवीच असणार, हा आपल्याकडील दृढ समज या उपचारात घातक ठरतो. सोरॅलेनची भाजणूक त्याच सायंकाळी दिसत नाही. ती ४८ ते ७२ तासांनी शिगेला पोहोचते. पहिल्या दिवशी काहीच झाले नाही असे पाहून रुग्ण दुसऱ्या दिवशी तेच औषध अधिक लावतो, उन्हात अधिक वेळ थांबतो, आणि तिसऱ्या दिवशी घोट्यावर टरारून फोड येतात. हे अतिनील किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात, याची तर त्याला कल्पनाही नसते. यास्तव बाह्य लेपासाठी ०.१ टक्का किंवा त्याहूनही सौम्य द्रावण, मोजून घेतलेला प्रकाश, नंतर साबणाने धुणे आणि त्या भागावर कपड्याचे आच्छादन, ही सारी शिस्त म्हणजेच खरा उपचार होय. बाटली हा त्याचा केवळ एक अंश.

सत्यनिष्ठेला अनुसरून हेही सांगितले पाहिजे की, १९९७ साली आम्स्टरडॅम येथे झालेल्या तुलनेत ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्याच्या किरणांनी चार महिन्यांत ६७ टक्के, तर सोरॅलेनच्या लेपासह दिलेल्या किरणांनी ४६ टक्के रुग्णांत रंग परतला. तेव्हा परंपरेच्या अभिमानापोटी रुग्णाला अधिक परिणामकारक व सुरक्षित मार्गापासून वंचित ठेवणे आपल्या धर्माला शोभणारे नाही. ज्या गावी अशा किरणांचे यंत्र नाही आणि डाग थोडे आहेत, तेथे लेपाला व सूर्यप्रकाशाला स्थान आहे, परंतु ते चिकित्सकाच्या देखरेखीखालीच.

म्हणून या परिषदेपुढे मी एक दरखास्त ठेवतो: लेपाच्या प्रत्येक बाटलीबरोबर रुग्णाच्या हाती सुबोध मराठीतील एक सूचनापत्रक पडावे. त्यात द्रावणाचे प्रमाण, उन्हाची मिनिटे, फोड आल्यास काय करावे, आणि कोणत्या जागी रंग परतण्याची आशा कमी आहे, एवढे स्पष्ट नमूद असावे. शिवाय हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे वाक्य ठळक अक्षरांत असावे, म्हणजे ते पत्रक घरातील इतरही वाचतील. त्याचा मसुदा आजच्या दुपारच्या बैठकीत तयार करून मंजूर करावा, आणि येथून परतल्यावर प्रत्येकाने आपापल्या दवाखान्यात त्याचा अंमल सुरू करावा, अशी माझी आपणा सर्वांस आग्रहाची विनंती आहे.