रब्बीची ज्वारी आणि पेरणीची वेळ
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त शहरांत स्थायिक झाली असली, तरी सोलापूरकडील वडिलोपार्जित जमिनीशी त्यांचे नाते तुटलेले नाही. म्हणून शेतीचाच एक अनुभव आपणांपुढे ठेवण्याचे मी योजिले आहे.

काही वर्षांपूर्वी गौरी-गणपतीच्या रजेत मी गावी गेलो होतो. रजा संपण्यापूर्वी पेरणी उरकावी, या हट्टाने सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मालदांडी ज्वारी पेरावयास लावली. चुलते म्हणाले, "अरे, आणखी दहा-बारा दिवस थांब." मी ऐकले नाही. उगवण उत्तम झाली. परंतु तीन आठवड्यांत पोंगे सुकू लागले. ओढताच ते हाती येत आणि बुडाशी कुजका वास येई. दुबार पेरणी केली, तोवर जमिनीतील ओल उडाली होती. त्या साली कणसे भरलीच नाहीत.

हे काम खोडमाशीचे. ती कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूस एकेक पांढरे अंडे घालते. अळी पोंग्यात शिरून वाढीचा कोंबच तोडते. रोप महिन्याचे झाले की हे भय बरेच ओसरते. तेव्हा जपावयाचे ते पहिले चार आठवडे. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात. त्याआधी माशीचा जोर असतो. त्यानंतर ओल अपुरी पडते. शिवारातील सर्वांनी एकाच सुमारास पेरावे, म्हणजे आधीच्या शेतात वाढलेली माशी मागाहून पेरलेल्या शेतावर तुटून पडत नाही. बियाणे किंचित जास्त वापरावे, आणि विरळणीच्या वेळी पोंगे सुकलेली रोपे उपटून नष्ट करावीत. बियाण्यास किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळल्यास काणीही टळते. माशीसाठी शिफारस केलेले औषधही बियाण्यासच लावावयाचे असते. सारांश, या पिकाचे बहुतेक रक्षण पेरणीच्या दिवशीच होते.

बंधुभगिनींनो, दोष माशीचा नव्हता. माझ्या रजेच्या हिशेबाचा होता. आपण शहरांतून निरोप धाडतो, आणि बांधावर उभा असलेला भाऊ मान राखण्यासाठी तो पाळतो. यापुढे पेरणीचा दिवस त्यालाच ठरवू द्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.