साथीचे गणित आणि सरासरी माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही आणि गणितज्ञही नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. २०२० च्या मार्चमध्ये साथीचे आलेख घरोघरी पोचले, तेव्हा त्यांमागचे गणित मला ओळखीचे वाटले. ‘इतर परिस्थिती कायम असता’ या शब्दांच्या आडोशाला आम्ही अर्थशास्त्रज्ञांनी काय काय दडविले आहे, हे मी चांगले जाणतो. म्हणूनच आज या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे.

या शास्त्राचा मुंबईशी जुना संबंध आहे. १९२७ साली एडिंबरोच्या केरमॅक व मॅकेंड्रिक यांनी साथीच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला. केरमॅक हे प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत वर्षे काढलेले डॉक्टर. आपले समीकरण पडताळण्यासाठी त्यांनी जे आकडे घेतले, ते डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंचे होते. आठवड्यामागून आठवडा वाढत जाणारी आणि मग उतरणारी ती टेकडी त्यांच्या सूत्रात जवळजवळ तंतोतंत बसली.

मांडणी साधी आहे. समाजाचे तीन गट करावयाचे : अद्याप लागण न झालेले, लागण झालेले, आणि बरे होऊन वा मरण पावून साखळीतून बाहेर पडलेले. एक रोगी सरासरी एकापेक्षा अधिकांना रोग देत असेल तर साथ चढते. कमी जणांना देत असेल तर विझते. हा उंबरठा फार मोलाचा आहे. सिकंदराबादेत १८९७ साली डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू दाखविणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी त्याच वाटेने सांगितले होते की, हिवताप हटविण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की पुरे. हताश प्रशासनाला असा हिशेब केवढा आधार देतो, याची कल्पना करा.

पण मुंबईची ती टेकडी पुन्हा पाहू. प्लेग हा मुख्यतः उंदरांचा रोग, पिसवांमार्फत माणसाला होणारा. आणि ऋतूनुसार पिसवांचे प्रमाण बदलते. आपली गृहीतके तेथे पुरती लागू पडत नाहीत, हे त्या दोघांनी निबंधातच कबूल केले आहे. वक्ररेषा जुळली म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाची आठवण मात्र पुढे पुष्कळांना राहिली नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की, कळस ओलांडला आहे आणि खबरदारी पाळल्यास फेब्रुवारीपर्यंत साथ जवळपास ओसरेल. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत काय झाले, ते आपण स्मशानांबाहेरच्या रांगांत पाहिले. विषाणूने रूप पालटले होते. समीकरणाने ते कायम धरले होते.

याहून मोठे गृहीतक म्हणजे सर्व माणसे एकमेकांत सारखी मिसळतात हे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात लागण होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. त्याच प्रभागांतील इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. या दोहोंची सरासरी काढली तर जो माणूस हाती लागतो, तो मुंबईत कोठेच राहत नाही. एका नळावर आणि एका सार्वजनिक शौचालयात शेकडो जणांची गाठ पडते, ती गाठ कोणत्याही हुकमाने सुटत नव्हती.

म्हणून गणित फेकून द्यावे, असे मी म्हणत नाही. उलट ते आपण शिकावे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका रोग्याचा रोज चार जणांशी निकट संबंध येतो आणि त्यांपैकी दहांत एकाला लागण होते, असे धरा. म्हणजे दिवसाला ०.४. रोगी दोन दिवसांत घरी बसला, तर एकूण ०.८, साथ विझते. पाच दिवस कामावर येत राहिला, तर २, साथ भडकते. रोगी तोच, रोगही तोच. फरक तीन दिवसांचा. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्याला आजारपणात ७० टक्के वेतन मिळू शकते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला, घरकाम करणाऱ्या बाईला मात्र घरी बसल्या दिवसाची मजुरी कोण देणार? ताप अंगावर काढूनच ती कामाला जाते.

त्या तीन दिवसांच्या मजुरीची मागणी आपल्या किती मागणीपत्रकांत आहे, हे येथे जमलेल्या युनियनच्या मित्रांनी मला सांगावे. माझा वेळ संपला आहे. उरलेला प्रश्नोत्तरांसाठी ठेवतो.