सौरप्रकल्प, वरकस जमीन आणि आपली ग्रामसभा

(महाड येथील कार्यकर्ता बैठकीत केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'सौरऊर्जा आणि आपला भाग'. सॉफ्टवेअरवाला माणूस म्हटल्यावर हा पडद्यावर आलेख दाखवणार, असं काहींना वाटलं असेल. आलेख आणलेले नाहीत. उद्या महाड-पोलादपुरात कोणी सौरप्रकल्प घेऊन आला, तर त्यानं कोणाकोणाला विचारायला हवं आणि आपण त्याला काय विचारायला हवं, एवढंच बोलणार आहे.

मी सौरऊर्जेच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने'चा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. त्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला झाला, तीन मेगावॅटचा. शेतकऱ्याला मोटार चालू करायला रात्री दोन वाजता उठावं लागू नये, म्हणून दिवसा वीज. चांगली गोष्ट आहे. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. हा आकडा कानावर पडला की आपल्याकडच्या माणसाचे डोळे मोठे होतात, कारण आपल्या डोंगराच्या जमिनीतून वर्षाला काय हाती लागतं ते आपल्याला माहीत आहे.

पण वैजापूर वेगळं आणि पोलादपूर वेगळं. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. पाच मेगावॅट म्हणजे वीस-पंचवीस एकर. आपल्याकडे सलग पंचवीस एकर सपाट जागा कुठे आहे? नदीकाठची भातखाचरं आहेत, आणि सावित्री-गांधारीला पूर आला की ती पाण्याखाली जातात. मग उरते ती वरकस जमीन. डोंगरउतार.

आणि आपल्या डोंगरउतारांबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं? जुलै २००५ मध्ये याच तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळीये, ऐंशीहून जास्त माणसं. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्या ढिगाऱ्यांवर हातानं माती उपसायला गेले होते.

उतारावर पॅनल बसवायचे म्हणजे झाडं तोडायची, टप्पे पाडायचे, रस्ता कापायचा. पॅनलवर पडलेला पाऊस पसरून जिरत नाही, खालच्या कडेवरून एका रेषेत धारेनं पडतो. तिथे घळ पडते. आपल्याकडचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, तेव्हा हे पाणी कुठून वळवणार हा प्रकल्पाचा पहिला प्रश्न हवा, शेवटचा नाही. म्हणून तज्ज्ञांच्या पथकात विजेचा इंजिनिअर असून भागत नाही. भूगर्भशास्त्र जाणणारा हवा, पाण्याचा माणूस हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपली कौलं आणि पत्रे कसे उडाले ते पाहिलेला बांधकामाचा इंजिनिअर हवा. आणि त्यांनी निदान एक पावसाळा इथे काढायला हवा. फेब्रुवारीत येऊन पोलादपूर बघणाऱ्याला पोलादपूर दिसत नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. उताराचा नकाशा कॉम्प्युटरवर करता येतो. उपग्रहावरून घेतलेली उंचीची माहिती फुकट मिळते, पण तिच्यात जमिनीचा तीस मीटर बाय तीस मीटरचा तुकडा हा एक ठिपका असतो. त्या एका ठिपक्यात झरा, वहाळ, पायवाट आणि अर्धं कब्रस्तान मावतं. नकाशा म्हणतो, उतार बारा अंश, जागा ठीक आहे. गुरं राखणारा सांगतो, तिथे श्रावणात जमिनीतून पाणी उमळतं, आम्ही तिकडे गुरं नेत नाही. ही माहिती कुठल्याच सर्व्हरवर नाही. गावाला विचारणं हा शिष्टाचार नाही, मोजणीचाच भाग आहे, असं मी इंजिनिअर म्हणून म्हणतो.

कायदा मात्र इथे आपल्या मदतीला फारसा येत नाही. कोळशाचं वीज केंद्र उभारायचं तर जनसुनावणीची तरतूद आहे. सौर पॅनलचे प्रकल्प २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेतून बाहेर आहेत. खासगी जमीन भाड्याने घेतली तर सामाजिक परिणामाचा अभ्यासही करावा लागत नाही. म्हणजे मालकाची सही झाली की विषय संपला.

आणि मालक कोण? आपला सात-बारा काढा. वीस नावं, त्यातली आठ वारलेली, पाच मुंबईत, चार कुवेत-कतारला. उरलेल्यांतही त्या वरकसावर पाय ठेवणारे किती? तिथलं गवत कोण कापतं, राबासाठी पालापाचोळा कोण आणतं, गुरं कोण चारतं? शेजारच्या वाडीतला कातकरी, वरचा धनगर, आणि मोळी आणणाऱ्या बायका, आपल्याही घरातल्या. त्यांचं नाव सात-बारावर नाही. कर्नाटकात पावगडला हेच झालं. दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प, सुमारे तेरा हजार एकर जमीन, विकत न घेता भाड्याने, सुरुवातीला एकरी वर्षाला एकवीस हजार. दुष्काळी भागातल्या जमीनमालकांना ते परवडलं. पण भूमिहीन मजुरांची शेतातली मजुरी गेली, मेंढ्या चारणाऱ्यांची कुरणं कुंपणाआड गेली, आणि भाड्यात त्यांचा वाटा नव्हता.

महाडला जमीन आणि हक्क यांचा विषय निघाला की मला फत्तेखान आठवतात. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला बाबासाहेबांच्या माणसांना मंडप घालायला जागा मिळेना, तेव्हा या मुसलमान माणसानं आपली जमीन दिली. आपण हे अभिमानानं सांगतो. मग आपल्या वरकसाचा करार होताना कातकरीवाडीला साधं बोलावणंही जात नसेल, तर तो अभिमान कशाचा?

विचारायचं कुठे, तर ग्रामसभेत. जमातच्या बैठकीत नाही. जमातचा मी मान राखतो, पण तिथे बायका नसतात, बौद्धवाडी नसते, कातकरी नसतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असं कायदा सांगतो. ती कागदावर उरकली जाते. ती खरोखर घ्यायला लावू या. पाण्याचा झरा कुठे आटतो नि कुठे फुटतो हे तिथेच कळेल.

लोकांना विचारणं अशक्य असतं, हे मला पटत नाही. याच रायगड जिल्ह्यात २१ सप्टेंबर २००८ ला सेझच्या प्रश्नावर पेण भागातल्या बावीस गावांत मतदान घेतलं गेलं होतं. शेतकऱ्यांनी रांगा लावून मतं दिली. जिल्हा तोच आहे.

एक शंका हमखास येते: मग आपल्याकडे सौरऊर्जा नकोच का? हवी. पण आधी छपरं बघा. महाड एमआयडीसीतल्या शेडची छपरं, शाळांची, मशिदी-मदरशांची. घरासाठी केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. त्यासाठी एक झाड तोडावं लागत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. साधी छपरावरची यंत्रणा ग्रिडची वीज गेली की स्वतःही बंद पडते, लाइनमनच्या सुरक्षेसाठी ते तसंच असतं. पुरात फोन चार्ज व्हायला हवे असतील तर उंचावरच्या एखाद्या शाळेत किंवा मशिदीत बॅटरीसह यंत्रणा बसवा. २०२१ ला तीन दिवस नातेवाइकांचे फोन लागत नव्हते, ते परदेशात बसलेल्यांनी जास्त भोगलं.

आणि त्या परदेशातल्यांसाठीच शेवटची विनंती, कारण हे भाषण ते वाचतील. तुमच्याकडे कुलमुखत्यारपत्राचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर येईल. करार पंचवीस वर्षांचा असेल. सही करण्याआधी मुदत संपल्यावर लोखंड आणि काँक्रीट कोण काढणार हे त्यात लिहिलंय का ते बघा, दरड आली तर जबाबदारी कोणाची ते बघा, आणि गावी एक फोन करा. भावाला करालच. त्या उतारावर जो गुरं चारतो, त्यालाही करा.