पसंतीक्रमाच्या तळाशी

आजपासून नावाआधी 'डॉक्टर' लावणाऱ्या मित्रांनो, अभिनंदन. तुमच्या पालकांचं जरा जास्तच. फी त्यांनी भरली आहे.

आमच्या व्यवसायात तुमच्या पिढीबद्दल एक रड कायम ऐकू येते. कोविडनं मुलं धास्तावली, आता त्यांना रेडिऑलॉजी नाहीतर त्वचारोग हवा, सेवाभाव राहिला नाही! मला हे मान्य नाही. या मुलांनी काय पाहिलं? मार्च २०२०मध्ये थाळ्या वाजल्या आणि त्याच सुमारास काही घरमालकांनी परिचारिकांना खोल्या सोडायला सांगितल्या. पीपीई किट चढवलं की तासन् तास ना पाणी, ना लघवी. चेहरे ओळखू येईनात म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहायचं. मे २०२१मध्ये नीट-पीजी पुढे ढकलली गेली आणि कोविड ड्यूटीचे १०० दिवस भरणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देण्याची घोषणा झाली. वर्षअखेरीस पीजीचे प्रवेश रखडले म्हणून निवासी डॉक्टर संपावर होते. एवढं पाहून कुणी स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडला, तर त्याला स्वार्थी म्हणायचं कारण नाही.

माझी हरकत वेगळीच आहे. साथीनं सगळ्यात ठळकपणे जी शाखा दाखवली, तीच या हिशेबात नाही. पीएसएम, अर्थात प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र, म्हणजे ज्या तासाला दांडी मारायची तो विषय. २०२०मध्ये विलगीकरण, संपर्कशोध, नमुना सर्वेक्षण हे शब्द घराघरांत गेले, ते सगळे त्याच पुस्तकातले. धारावीसारख्या जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या वस्तीत साथ आवरली, ती नुसत्या व्हेंटिलेटरनं नव्हे. गल्लोगल्ली ताप तपासला, बाधित माणूस शोधला आणि त्याला वेगळं ठेवण्याची सोय केली. हे काही नवं नाही. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, तो प्रथम ओळखला मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, मांडवीतले रुग्ण तपासताना. पण आमच्याकडे अजूनही छातीचा पिंजरा उघडणारा डॉक्टर मोठा आणि गटाराचा नकाशा वाचणारा दुय्यम. ही प्रतवारी आम्ही शिक्षकांनीच लावली, तेव्हा विद्यार्थ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

यावर कुणी म्हणेल, साथ हा अपवाद. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटावर करिअर बेतायचं का? पण क्षयरोग, डेंग्यू, गॅस्ट्रो आपल्याकडे दरवर्षीच असतात आणि त्यांनाही हेच काम लागतं. दुसरा आक्षेप पैशाचा. तो मात्र खरा आहे. लाट ओसरली तशी कंत्राटी माणसं घरी पाठवली गेली. मानधनावर राबणाऱ्या आशाताईंना जून २०२१मध्ये, साथ सुरू असतानाच, संप करावा लागला. अशा आरोग्य खात्यात सेवाभावानं या, असं सांगणं म्हणजे सरकारची जबाबदारी विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारणं. कायम पदं आणि नियमित पगार आधी मागितलाच पाहिजे, आणि तो मागायला त्या खात्यात शिकलेली, तोंड असलेली माणसं हवीत.

म्हणून पीजीच्या प्रवेशफेरीत पसंतीक्रम भराल, तेव्हा ही शाखा तळाशी ढकलू नका. पहिलीच लिहा, असा माझा हट्ट नाही. पाचवी लिहिलीत तरी चालेल.