इंजिनाचा धूर आणि भोवतालची हवा



महाबळेश्वरचा घाट चढणारी जुनी मालमोटार काळा धूर ओकू लागली की दोष चालकाला किंवा इंधनातील भेसळीला दिला जातो. पुष्कळदा तो रास्तही असतो. परंतु एक किलो डिझेल पूर्णपणे जळण्यास किमान साडेचौदा किलो हवा लागते, आणि ती हवा सर्वत्र व सर्वकाळ सारखी नसते, याचा विचार क्वचितच होतो.

सुमारे १,३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. उष्णतेचा परिणामही त्याच जातीचा. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश सेल्सिअस तापमान धरले, तर दाब तोच असूनही दुपारची हवा सुमारे १० टक्क्यांनी विरळ भरते. जुना यांत्रिक इंधनपंप ही तूट जाणत नाही. तो ठरलेले डिझेल सोडतच राहतो. प्राणवायू अपुरा पडतो आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या नव्या इंजिनांत हवेचे मान मोजून इंधन आवरले जाते. पण रस्त्यावरील सर्वच वाहने त्या पिढीची नाहीत.

आर्द्रतेची गोष्ट वेगळी. बाष्प ज्वालेतील उष्णता शोषते व नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. म्हणून पेट्रोल मोटारींच्या प्रयोगशाळेतील चाचणीत किलोभर कोरड्या हवेमागे १०.७१ ग्रॅम बाष्प हे प्रमाण मानून आकडे दुरुस्त करतात. मुंबईच्या आषाढातल्यासारख्या, २० ग्रॅम बाष्पाच्या हवेत मोजलेला आकडा सुमारे १.४४ ने गुणावा लागतो. तसे न केल्यास तीच मोटार फुकटची सज्जन ठरते!

पीयूसी केंद्रावर डिझेल वाहनाचा धूर गाडी उभी असताना, भाराविना मोजतात. पायथ्याशी मिळालेले प्रमाणपत्र भरल्या गाडीच्या माथ्यावरील धुराची हमी नव्हे. मात्र उंचीचे निमित्त सांगून तुंबलेल्या एअर फिल्टरवर पांघरूण घालू देणेही योग्य नाही. धुळीने भरलेला फिल्टर सपाटीवरही इंजिनाचा श्वास कोंडतो.

शेतावरील ऑइल इंजिनाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. बंद पंपघरात ते स्वतःचीच तापलेली, धुरकट हवा पुन्हा ओढते आणि ज्वलन अधिकच बिघडते. धुराची नळी भिंतीबाहेर काढणे व ताज्या हवेला मोठा झरोका ठेवणे, हे ग्रामसभेत आवर्जून सांगण्याजोगे आहे. अशा खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.